न बोलण्याचा हुकूम

कोकणात शिमग्याला पालखी घरोघर फिरते. ढोल जवळ येतो, अंगण सारवलेलं असतं, ताटात नारळ आणि ओटी तयार असते. पालखी शेजाऱ्याच्या खळ्यात नाचते, तिथून निघते आणि एका दारावरून सरळ पुढच्या घराकडे जाते. कोणी शिवी दिलेली नसते, कोणी हात उगारलेला नसतो. पण वाडीतल्या प्रत्येकाला, अगदी पालखीमागून धावणाऱ्या पोरांनाही, कळतं की हे घर आता वाळीत आहे.

वाळीत टाकणं म्हणजे अमुक एक गोष्ट करणं असं दाखवता येत नाही. ज्या शंभर गोष्टी रोज आपोआप होतात, त्या व्हायच्या थांबतात. दळण घेतलं जात नाही. रिक्षावाला मान वळवतो. शेतावर गडी येत नाही. लग्नाची पत्रिका येत नाही, आणि या घरातून गेलेली पत्रिका उंबऱ्यावर पडून राहते. मयत झालं तर खांदा द्यायला चार माणसं मिळत नाहीत. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर कुणालाही तिचं कारण विचारता येत नाही. 'मला वेळ नव्हता' एवढं उत्तर पुरतं. सगळ्यांना एकाच दिवसापासून वेळ नसणं, हा खरा पुरावा.

म्हणूनच हा विषय व्यक्तिस्वातंत्र्याच्या चर्चेत नेहमी चुकीच्या टोकाने धरला जातो. लोक विचारतात, कुणाशी बोलायचं, कुणाला जेवायला बोलवायचं, हे ठरवण्याचं स्वातंत्र्य माणसाला नाही का? आहे, पूर्ण आहे. शेजाऱ्याशी माझं पटत नसेल तर मी जन्मभर त्याच्याशी अबोला धरीन, आणि जगातल्या कुठल्याही कोर्टाने मला बोलतं करू नये. पण गावकीच्या बैठकीत जेव्हा ठरतं की 'जो त्याच्याशी बोलेल त्याला पाच हजार दंड', तेव्हा हुकूम वाळीत पडलेल्या माणसाला दिलेला नसतो. तो बाकीच्यांना दिलेला असतो. स्वातंत्र्य दोघांचं जातं, आणि त्यातल्या दुसऱ्याचं गेलेलं कुणाच्या लक्षातही येत नाही. दळणवाल्याला दळायचं असतं, पैसे हवे असतात, वैर काही नसतं. त्याने पीठ दळून दिलं तर उद्या त्याची चक्की बंद. बहिष्काराचं सगळं यंत्र या तिसऱ्या माणसाच्या भीतीवर चालतं.

मराठी मुलखाला हे नवं नाही. जुन्या कागदपत्रांत यासाठी 'ग्रामण्य' असा खास शब्दच आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहाबिस्किटं आली, कोणी प्याले, कोणी नुसता कप पुढ्यात ठेवला, आणि हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली. त्या यादीत टिळक होते आणि न्यायमूर्ती रानडेही होते. प्रकरण शंकराचार्यांकडे गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं ठरली. रानड्यांनीही अखेर प्रायश्चित्त घेतलं, त्यावरून सुधारकांनी त्यांना बरंच बोलूनही घेतलं. हायकोर्टाच्या पायरीला पोचलेल्या माणसाचं चहाच्या कपावरून काय अडत होतं? त्याचं स्वतःचं फारसं नव्हतंच. अडत होतं ते सोबतच्या मंडळींचं. त्यांच्या घरच्या मुंजी, श्राद्धं, लेकींची लग्नं. बहिष्काराचा नेम माणसावर असतो आणि फास बहिणीच्या लग्नाला बसतो. धीट माणूस स्वतःपुरता टिकून राहतो. सगळं घर त्याच्याइतकं धीट असेल असं नसतं.

इंग्रजांनी यातून अंग काढून घेतलं. एल्फिन्स्टनच्या काळातल्या १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनने जातीच्या प्रश्नात दिवाणी कोर्टांनी पडू नये असं ठरवून टाकलं. जात आणि अब्रू यांना इजा पोचल्याची भरपाई मागता येई, तेवढाच अपवाद. १८५० च्या कायद्याने जात गेली तरी वडिलोपार्जित इस्टेटीवरचा हक्क जात नाही, एवढं केलं. म्हणजे जमीन तुमची, पण त्या जमिनीवर राबायला कोणी आलं नाही तर सरकारला त्याचं काही नाही.

बाबासाहेब आंबेडकरांना ही गोम बरोबर दिसली होती. १९४७ मध्ये घटना समितीसाठी त्यांनी जो मसुदा लिहिला त्यात बहिष्काराची व्याख्या आणि शिक्षा कलमवार होत्या, आणि त्या ब्रह्मदेशच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतल्या होत्या. गावात अस्पृश्याकडे जमीन नाही, मजुरी सवर्णाकडे, दुकान सवर्णाचं. मग घटनेने दिलेला हक्क वापरल्याची शिक्षा म्हणून नुसतं दुकान बंद केलं तरी पुरतं, काठी उचलावीच लागत नाही, हे त्यामागचं निरीक्षण. आजही तक्रारी वाचताना हेच दिसतं. ज्याची रोजची गरज दुसऱ्याच्या हातात जास्त, त्याला बहिष्कार जास्त लागतो. शहरात फ्लॅट आणि पगार असलेल्याला जातीतून काढलं तर तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडतो, एवढंच.

जाता जाता एक गोष्ट. 'बॉयकॉट' हा शब्द आयर्लंडमधून आला. १८८० मध्ये मेयो परगण्यात एका जमीनदाराच्या कॅप्टन बॉयकॉट नावाच्या कारभाऱ्याशी कुळांनी सगळे व्यवहार तोडले. तिथे दुबळ्यांनी सबळाला टाकलं होतं. स्वदेशीच्या चळवळीतला बहिष्कारही त्याच जातीचा. आपली गावकी तेच हत्यार उलटं धरते. म्हणून बहिष्कार या शब्दालाच सरसकट वाईट म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. तो कोण कुणावर घालतो आणि न पाळणाऱ्याचं काय होतं, हे आधी बघायला हवं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला. शिक्षा होती फक्त हजार रुपयांपर्यंत दंड. दाऊदी बोहरा समाजाच्या सय्यदनांनी, म्हणजे धर्मप्रमुखांनी, त्याला आव्हान दिलं, आणि जानेवारी १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. धार्मिक कारणावरून पंथाबाहेर काढणं हा पंथाच्या स्वतःच्या धार्मिक कारभाराचा भाग आहे, असं बहुमत. विरोधात एकटे सरन्यायाधीश सिन्हा होते. त्यांचं म्हणणं असं की बहिष्कृत माणूस आपल्याच समाजात अस्पृश्य होतो, आणि कायदा तेच रोखू पाहतो.

या निकालाचं मूळ घटनेतल्या चार शब्दांत आहे, आणि ते जवळून बघण्यासारखं आहे. कलम २५ व्यक्तीला सदसद्विवेकाचं आणि धर्माचरणाचं स्वातंत्र्य देतं, ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि 'या भागातील इतर तरतुदी' यांच्या अधीन राहून. कलम २६ धर्मसंप्रदायाला आपला धार्मिक कारभार बघण्याचा हक्क देतं. तिथे सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य हे तिन्ही शब्द आहेत, पण 'इतर तरतुदी' नाहीत. सरळ वाचलं तर व्यक्तीच्या श्रद्धेला समतेच्या कलमांचा लगाम आहे आणि संप्रदायाच्या अधिकाराला नाही. आता सगळा वाद 'नीतिमत्ता' या एका शब्दावर येऊन थांबलाय. ती पंथाची नीती की घटनेची? फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने हा बोहरा बहिष्काराचा प्रश्न शबरीमला मंदिरातल्या स्त्रीप्रवेशाच्या फेरविचारासोबत नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. मला सिन्हांचं मत पटतं, पण एका मर्यादेत. कोणता विधी कोणी करायचा, दीक्षा कुणाला द्यायची, हे पंथाने ठरवावं. दफनभूमीतली जागा, बापलेकांचं बोलणं, दुकानातलं गिऱ्हाईक ही पंथाची मालमत्ता नाही.

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा सध्याचा कायदा एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ३ जुलै २०१७ ला राजपत्रात आला. त्याआधीची तीन-चार वर्षं अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं 'जातपंचायतीला मूठमाती' अभियान राज्यभर चालू होतं. २०१३ मध्ये नाशिकला जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीचा खून झाला, त्यातून ते उभं राहिलं. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. रायगड-रत्नागिरीतल्या गावक्यांपासून भटक्या जमातींच्या पंचांपर्यंत तक्रारी येत गेल्या, आणि त्या तक्रारींचे नमुने कायद्यात जसेच्या तसे उतरलेले दिसतात. नाहीतर 'अमुक घरच्या मुलांबरोबर खेळू नका असं समाजातल्या मुलांना सांगणं' हा प्रकार कुठल्या मसुदाकाराला बसल्या जागी सुचला असता? अमुकच कपडे घाल, अमुकच भाषा बोल अशी सक्ती, राजकीय कल किंवा लैंगिकता यावरून भेदभाव, लग्न-मयत-पूजा यांतून वगळणं, शाळा-दवाखाना-सभागृह-स्मशान नाकारणं, धंदा तोडणं हे सगळं त्यात आहे. पंचायत नोंदणीकृत असो वा नसो, तिला काहीही नाव असो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम पीडिताला द्यायचा आदेश कोर्ट देऊ शकतं. बैठकीत निर्णयाच्या बाजूने मत देणाराही गुन्हेगार. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी थेट नोंदवून तपास करण्याजोगा, पण जामीनपात्र. दोषारोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटला संपवायचा, असं कायदा म्हणतो.

कायदा चांगला आहे. तक्रारी मात्र बहुतेक वेळा पहिल्याच पानावर मरतात. कारण त्यात लिहिलेलं असतं, 'गावाने आम्हाला वाळीत टाकले आहे.' गावाला अटक होत नाही. आरोपी माणूस लागतो, नाव, वडिलांचं नाव आणि तो नेमकं काय म्हणाला यासकट. याच्या उलट चूक म्हणजे रागाच्या भरात दीडशे जणांची नावं देणं. मग तपास अधिकारी दीडशे जबाब घेत बसतो, त्यातले एकशे चाळीस खरंच घाबरून गप्प बसलेले असतात, आणि उद्याचे साक्षीदारच आजचे आरोपी होऊन बसतात. बैठक कुणी बोलावली, ठराव कुणी मांडला, दंडाचा आकडा कुणी उच्चारला, पैसे कुणाच्या हातात गेले, एवढी पाच-सात नावं पुरतात.

दोन गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध कराव्या लागतात: हुकूम निघाला, आणि तो पाळला गेला. हुकूम बहुधा तोंडी असतो, पण त्याचा माग राहतो. बैठकीचा व्हॉट्सअ‍ॅप निरोप, गावकीच्या वहीतली नोंद, शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलेला माफीनामा. दंडाची पावती 'देणगी' म्हणून फाडलेली असते. तीच जपायची, कारण भांडण चालू असलेल्या माणसाने त्याच आठवड्यात पंचवीस हजार देणगी का दिली, याचं उत्तर पंचांना देता येत नाही. हल्ली दंड यूपीआयनेही घेतात. पंचांच्या आत्मविश्वासाला दाद द्यावी तेवढी थोडी.

हुकूम पाळला गेल्याचा पुरावा साध्या वहीत जमतो. तारीख, वेळ, जागा, कोण हजर, काय शब्द. 'सगळे टाळतात' असं लिहू नये. अमुक तारखेला सकाळी साडेनऊला अमुक गिरणीत सहा किलो ज्वारी परत केली, 'वरून सांगितलंय' असं म्हणाला, असं लिहावं. वाण्याची उधारीची वही सगळ्यांत बोलकी. पाच वर्षं दर आठवड्याला नोंद, आणि एका तारखेनंतर कोरी. त्या तारखेच्या आदल्या दिवशी बैठक झाली असेल, तर वेगळा साक्षीदार शोधायला नको. तशीच उत्सवाची वर्गणी. वाळीत टाकलेल्या घराची वर्गणी घेत नाहीत, किंवा घेतलेली परत करतात. पैसे नाकारणारं मंडळ दुसऱ्या कुठल्या कारणाने सापडणार नाही.

मोबाइलवर बैठक रेकॉर्ड झाली असेल तर ती फाइल फॉरवर्ड करून मूळ पुसू नये. जुना फोन विकू नये, रीसेट करू नये. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, एक भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक ठसा, लिहावी लागते. हे राहिलं तर आवाज स्पष्ट असूनही रेकॉर्डिंग बाजूला पडू शकतं.

पोलिस ठाण्यात पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, 'हा तुमचा समाजाचा मामला आहे, बसून मिटवा.' दुसरं, 'एनसी करून देतो.' एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, आणि हा गुन्हा दखलपात्र आहे. म्हणून अर्जात कायद्याचं पूर्ण नाव लिहून एफआयआरच मागायचा. नाही घेतला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलिस अधीक्षकांना टपालाने अर्ज, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. पोचपावत्या टाकून देऊ नयेत, दंडाधिकारी पहिल्यांदा त्याच मागतात. या खास कायद्यात सरळ दंडाधिकाऱ्याकडे फिर्याद देण्याचीही सोय आहे. आणि बैठक अजून व्हायची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं. बहिष्कार घालण्यासाठी भरणाऱ्या सभेला मनाई करण्याचा अधिकार त्यांना आहे. हा मार्ग फार कमी वापरला जातो, कारण लोकांना शेवटपर्यंत वाटत असतं, आपलीच माणसं आहेत, एवढ्या थराला जाणार नाहीत.

आणखी एक ठेच. बहिष्कार घालणारे अनुसूचित जाती-जमातीबाहेरचे आणि सोसणारा त्यातला असेल, तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(झेडसी) लागतं. सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार २०१६ पासून तिथे स्वतंत्र गुन्हा आहे. त्यात तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. दोन्ही बाजू एकाच जातीच्या असतील तर मात्र हे कलम लावून उपयोग नाही. कोणी उत्साहाने लावलं तर पुढे ते गळतं आणि सगळीच केस खोटी होती अशी हाकाटी होते.

बहुतेक बहिष्कारांच्या मुळाशी लग्न असतं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये शक्ती वाहिनी या संस्थेच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घराण्याची, जमातीची संमती लागत नाही. पण विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लागते, आणि पंचांना खबर द्यायला सरकारी फलकाएवढा भरवशाचा माणूस नाही.

गुन्हा जामीनपात्र असल्याने आरोपी त्याच संध्याकाळी गावात परत असतात, हार घालून आणलेलेही असतात. यानंतरचे पंधरा दिवस कठीण. साक्षीदारांच्या घरी माणसं जातात, मामेभाऊ समजूत घालायला येतो, 'केस मागे घे, पालखी आणतो' असा निरोप येतो. इथे अनेक कार्यकर्ते म्हणतात, तडजोड नाहीच. मला ते पटत नाही. ज्याला त्याच वाडीत राहायचं आहे, त्याच विहिरीवर जायचं आहे, त्याला पंचांना तीन वर्षं आत बसवून काय मिळणार? पीडिताच्या संमतीने आणि कोर्टाच्या परवानगीने तडजोड कायद्यालाही चालते, त्यात आरोपीला समाजसेवा करायला लावायचीही तरतूद आहे. माझी हरकत जागेला आहे. तडजोड देवळाच्या सभामंडपात, त्याच पंचांसमोर झाली, तर ज्या बैठकीने गुन्हा केला तीच न्यायाधीश होते, आणि वाळीत टाकलेला माणूस वर पुन्हा नारळ ठेवून माफी मागतो. तडजोड कोर्टातच करायची आणि अटी लिहून घ्यायच्या: ठराव मागे घेतल्याचं जिथे तो केला तिथेच जाहीर सांगणं, दंडाचे पैसे तारखेनिशी परत, व्यवहार करणाऱ्या कुणालाही दंड होणार नाही अशी पंचांची सही. 'सगळ्यांनी आमच्याशी बोलावं' ही अट घालू नये. ती कोणी पाळू शकत नाही, आणि कुणावर लादूही नये. ज्याला मनातून बोलायचं नाही तो बोलणार नाही. घाबरून गप्प असलेले हळूहळू बोलायला लागतात, आणि खरे वैरी किती होते ते तेव्हा कळतं. फार थोडे निघतात.

बहुधा पहिला येतो तो वर्गणीचा पोऱ्या. दाराशी उभा राहून पावतीपुस्तक उघडतो, जरा चाचरत विचारतो, किती लिहू? नाव पूर्ण लिहून घ्यायचं, तारीख घालायला सांगायची, आणि ती पावती फाइलला लावून ठेवायची.